उजेड आणि चुंबक एका जुवाखाली

लहानपणी दिवे गेले की आमच्या घरी एक खेळ ठरलेला असायचा. बॅटरीच्या काचेवर तळहात गच्च दाबायचा आणि बटण सुरू करायचं. अंधारात हात निखाऱ्यासारखा लालभडक दिसायचा. आमची ताई एकदा मला म्हणाली, ‘‘उजेड जर हाताच्या आरपार येतोय, तर आतली हाडं का गं दिसत नाहीत?’’ मला उत्तर देता आलं नाही. पुढे मी पदार्थविज्ञान शिकले, बरीच वर्षं शिकवलंही, तेव्हा कुठे कळलं की ताईचा प्रश्न फार मोठा होता.

हात लाल दिसतो, कारण रक्तातलं हिमोग्लोबिन निळा-हिरवा उजेड गिळून टाकतं आणि तांबडा बराचसा जाऊ देतं. हाडं दिसत नाहीत, कारण आत शिरलेला उजेड सरळ चालत नाही. तो जागोजागी आपटतो, वळतो, भरकटतो आणि भलत्याच ठिकाणाहून बाहेर पडतो. म्हणजे उजेड शरीरातली बातमी आणतो खरा, पण ती नेमकी कुठली हे त्याला सांगता येत नाही. रक्त किती, हे त्याला ठाऊक असतं. ते कुठे, हे ठाऊक नसतं. स्तनातली कर्करोगाची गाठ उजेडाच्या मदतीनं ओळखण्याचे प्रयत्न गेली जवळजवळ शंभर वर्षं चालू आहेत आणि ते सगळे या एका उणिवेशी झगडत आले आहेत. त्या झगड्यात एमआरआयचं प्रचंड लोहचुंबक उजेडाच्या मदतीला कसं आलं, ते आज सांगायचं आहे.

शरीरातून उजेड पाहण्याची युक्ती तशी जुनी आहे. लंडनचे डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी 1831 मध्ये डोक्यात पाणी झालेल्या एका रोग्याची नोंद केली आहे. त्याच्या डोक्यामागे मेणबत्ती धरली, तर तिचा उजेड पुढून दिसत असे. स्तनासाठी ही युक्ती वापरली ती न्यूयॉर्कच्या मॅक्स कटलर या शल्यचिकित्सकानं. 1929 मध्ये त्यानं आपला निबंध प्रसिद्ध केला. अंधारी खोली, एक प्रखर दिवा आणि डॉक्टरांचे डोळे, एवढीच त्याची सामग्री. पाण्याच्या गाठी उजळ दिसतात, ठोस गाठी काळसर दिसतात आणि जिथे रक्त साकळलेलं असतं तिथे तर गडद काळी सावली पडते, असं त्याच्या लक्षात आलं. पण ठोस गाठ साधी की कर्करोगाची, हे त्या सावलीवरून ठरवता येत नव्हतं. शिवाय दिवा जास्त प्रखर करावा, तर तो तापून कातडीला चटका बसायचा.

त्याच्या आधी, 1913 मध्ये, बर्लिनच्या आल्बर्ट सालोमन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या जवळजवळ 3,000 स्तनांची क्ष-किरणांनी तपासणी केली होती. त्यातूनच पुढे मॅमोग्राफी उभी राहिली. क्ष-किरण बव्हंशी सरळ रेषेत जातात, त्यामुळे त्यांचं चित्र स्पष्ट येतं. उजेडाला या शर्यतीत टिकणं अवघडच होतं. तरी माणसांनी नाद सोडला नाही. 1972 मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गला शार्ल ग्रो यांनी ही पद्धत नव्यानं मांडली. गंमत म्हणजे खास मॅमोग्राफीसाठीचं यंत्र घडवण्यातही याच ग्रो यांचा मोठा वाटा होता. पुढे स्वीडनमध्ये अवरक्त उजेड टिपणारे कॅमेरे आले. पण 1990 मध्ये स्वीडनमधल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या तुलनेचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि त्यात उजेडाची तपासणी मॅमोग्राफीपुढे उणी ठरली. लहान आणि खोलवरच्या गाठी भरकटलेल्या उजेडात विरून जात होत्या. दिवा बदलला, कॅमेरा बदलला, तरी ताईचा प्रश्न तसाच राहिला होता.

याच सुमारास दुसऱ्या बाजूनं मात्र काम पुढे सरकत होतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले फ्रान्स योबसिस यांनी 1977 मध्ये दाखवून दिलं की, डोळ्यांना दिसणाऱ्या तांबड्या रंगाच्या किंचित पलीकडचा अवरक्त उजेड कवटीतूनही आरपार जातो आणि मेंदूतल्या प्राणवायूची बातमी आणतो. या कल्पनेचं मूळ त्यांच्या जेवणाच्या टेबलावरचं. मांसाच्या तुकड्यातलं एक चपटं हाड उजेडासमोर धरलं, तेव्हा त्यातून तांबडा प्रकाश चांगलाच येताना त्यांना दिसला होता. साधारण 650 ते 900 नॅनोमीटर या पट्ट्यात रक्त, पाणी आणि चरबी हे तिघेही उजेड तुलनेनं कमी गिळतात. शरीराच्या भिंतीला ही जणू एक खिडकी आहे.

या खिडकीचा उपयोग आपण सर्वांनीच केला आहे. 2020 आणि 2021 च्या कोविडच्या दिवसांत घरोघरी बोटाला लावायचा तो चिमटा, ऑक्सिमीटर, याच तत्त्वावर चालतो. प्राणवायू घेतलेलं हिमोग्लोबिन आणि प्राणवायू सोडलेलं हिमोग्लोबिन यांची तांबडा आणि अवरक्त उजेड गिळण्याची प्रमाणं वेगवेगळी असतात. त्या फरकावरून टक्केवारी निघते. हा चिमटा ज्या कल्पनेवर आधारला आहे, ती ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्यानं 1974 मध्ये मांडली. एप्रिल 2020 मध्ये, सारं जग त्यांच्या यंत्रासाठी दुकानं पालथी घालत असताना, ते वारले.

बोट पातळ असतं आणि चिमट्याला फक्त एक आकडा हवा असतो. स्तनात गाठ शोधायची तर नकाशा हवा. हे काम मनावर घेतलं ते फिलाडेल्फियाच्या ब्रिटन चान्स यांनी. हा माणूसही अफाट. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये शिडाच्या नौकांच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. दुसऱ्या महायुद्धात ते रडारच्या विद्युतमंडलांवर काम करत होते. रडारमध्ये लहरी कधी परत आली, हे अत्यंत बारीक मोजावं लागतं. चान्स यांनी तेच शरीरातल्या उजेडाला लावलं. उजेडाचा अतिसूक्ष्म काळाचा एक ठिपका आत सोडायचा आणि तो किती वेळानं बाहेर येतो ते मोजायचं. शरीरात उजेड एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात जेमतेम वीस-एकवीस सेंटिमीटर चालतो. उशिरा आलेला उजेड जास्त भटकून आला, हे उघड आहे. किती भटकला हे कळलं, की वाटेत किती गिळला गेला, याचा हिशेब मांडता येतो. पाण्यात शाई पसरते तसा उजेड शरीरात पसरतो, असं धरून गणिती समीकरणं लिहिली गेली आणि 1990 च्या दशकात संगणकानं त्यांतून चित्रं काढायला सुरुवात केली.

चित्रं आली, पण धूसर. एका दुधाच्या पेल्यात बेदाणे आणि बदामाचे काप टाकले आहेत, असं समजा. बाहेरून बॅटरी लावून आत काय आणि कुठे आहे, हे ओळखायचं आहे. प्रत्येक ठिकाणचा रंग अज्ञात, म्हणजे हजारो अज्ञात राशी, आणि हाताशी मोजमापं जेमतेम काही शेकडा. अशा उदाहरणाला एकच एक उत्तर नसतं. चार-पाच मिलिमीटरची गाठ असल्या चित्रात सापडणं कठीण.

आता चुंबकाकडे वळू. अणुकेंद्रांचं चुंबकीय अनुस्पंदन 1946 मध्ये ब्लॉक आणि पर्सेल यांनी स्वतंत्रपणे दाखवलं. 1971 मध्ये रेमंड डमाडियन यांनी गाठीच्या पेशींचा आणि निरोगी पेशींचा प्रतिसाद वेगळा असतो, हे दाखवलं. 1973 मध्ये पॉल लॉटरबर यांनी या प्रतिसादातून चित्र काढण्याची रीत प्रसिद्ध केली. ‘नेचर’ या नियतकालिकानं त्यांचा निबंध आधी नाकारला होता. पुढे 2003 मध्ये लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना त्याच कामासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. लॉटरबर यांनी आपल्या पद्धतीला जे नाव दिलं होतं, ते ग्रीक भाषेतल्या जोडणी किंवा जू या अर्थाच्या शब्दावरून घेतलेलं होतं. दोन प्रकारची क्षेत्रं एकत्र जुंपली की चित्र मिळतं, असं त्यांना सांगायचं होतं. ते नाव मागे पडलं, एमआरआय हेच रूढ झालं. मला मात्र आजच्या विषयासाठी ते जुनं नावच जास्त समर्पक वाटतं.

1986 मध्ये म्युनिकच्या सिल्व्हिया हेवांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देऊन स्तनाचा एमआरआय केला. कर्करोगाची गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या फोडून घेते, त्यांतून औषध झिरपतं आणि गाठ चित्रात उजळते. तरुण वयात स्तनाची ऊती घट्ट असते आणि तिथे मॅमोग्राफीची नजर अडते. एमआरआयची अडत नाही. 2007 मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं ज्या स्त्रियांना आनुवंशिक कारणांमुळे धोका फार जास्त आहे, त्यांना मॅमोग्राफीबरोबर दरवर्षी एमआरआय करण्याची शिफारस केली.

पण एमआरआयची एक खोड आहे. तो फार काही दाखवतो. साध्या गाठीही पुष्कळदा उजळतात. मग सुई घालून तुकडा काढावा लागतो.

याचा अनुभव आमच्या घरात आला. ताईच्या अहवालात एक ओळ होती, ‘संशयास्पद भाग, पुढील तपासणी आवश्यक’. तुकडा काढण्याची तारीख आणि त्याचा निकाल यांत अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत ताईनं घरातली सगळी कपाटं आवरली, मुलीच्या नावे कागदपत्रं लावून ठेवली आणि रोज रात्री मला फोन करून भलत्याच गोष्टींवर बोलत राहिली. गाठ साधी निघाली. सगळे म्हणाले, ‘‘सुटलीस.’’ ताई म्हणाली, ‘‘सुटले खरी, पण ते अकरा दिवस कोणाच्या हिशेबात धरायचे?’’ मी पदार्थविज्ञानाची शिक्षिका, पण मला तेव्हाही उत्तर देता आलं नाही.

तर अशी स्थिती. चुंबकाला जागा अचूक कळते, पण उजळलेली गाठ दुष्ट की साधी, हे नेहमी कळत नाही. उजेडाला रक्त किती, प्राणवायू किती, पाणी किती हे कळतं, पण जागा कळत नाही. आंधळ्याच्या खांद्यावर बसलेल्या पांगळ्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. दोघांना जोडण्याचा विचार सुचला तो साधारण 1995 च्या सुमारास. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधले रँडल बार्बर आणि त्यांचे सहकारी यांनी त्या वर्षी एमआरआयच्या नकाशावर उजेडाचं गणित कसं बसवता येईल, याची मांडणी केली.

प्रत्यक्ष स्त्रियांवर हे करून दाखवलं चान्स यांच्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं. वासिलिस न्झियाक्रिस्टोस हा तरुण ग्रीक संशोधक, अर्जुन योध हे पदार्थवैज्ञानिक, मिचेल श्नॉल हे क्ष-किरणतज्ज्ञ आणि स्वतः चान्स, अशा चौघांचा निबंध 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. एमआरआयच्या खोलीत लोखंड न्यायची सोय नसते. चुंबक ते खेचून घेतो. पण उजेडाला चुंबकाचं भय नाही आणि काचेच्या तंतूंनाही नाही. त्यामुळे उजेडाची यंत्रं बाहेर ठेवायची आणि लांबलचक प्रकाशतंतू तेवढे आत न्यायचे, असा मार्ग निघाला. स्त्री पालथी झोपते, स्तनाच्या दोन्ही बाजूंना हलकेच टेकलेल्या पट्ट्या, त्यांत तंतूंची टोकं. चुंबकासाठी गॅडोलिनियम आणि उजेडासाठी इंडोसायनिन ग्रीन हा रंग शिरेतून दिला. हा रंग डोळ्यांच्या आणि यकृताच्या तपासणीत आधीपासून वापरात होता. ज्यांची शस्त्रक्रिया किंवा तुकडा काढणं आधीच ठरलेलं होतं, अशाच स्त्रिया यात घेतल्या होत्या. त्यामुळे यंत्र काय म्हणालं आणि सूक्ष्मदर्शकाखाली काय निघालं, हे ताडून पाहता आलं. चुंबकाच्या चित्रात गाठ जिथे उजळली, तिथेच उजेडाच्या चित्रातही ती दिसली. उजेड इतकी वर्षं खरंच बोलत होता, याला प्रथमच असा तोलामोलाचा साक्षीदार मिळाला. 2002 मध्ये याच गटानं 14 स्त्रियांवरचा अभ्यास मांडला. कर्करोगाच्या गाठींत साध्या गाठींपेक्षा हिमोग्लोबिन जास्त आणि प्राणवायूचं प्रमाण कमी, असं त्यात आढळलं. गाठ झपाट्यानं वाढते, रक्त ओढून घेते आणि प्राणवायू संपवते, या समजुतीशी ते जुळणारं होतं.

मग न्यू हॅम्पशरमधल्या डार्टमथ महाविद्यालयाच्या ब्रायन पोग आणि कीथ पॉलसन यांच्या गटानं हे काम पुढे नेलं. 2006 मध्ये त्यांनी निरोगी स्त्रियांच्या स्तनातली चरबी आणि दुग्धग्रंथींची ऊती यांतलं हिमोग्लोबिन, पाणी आणि प्राणवायू वेगवेगळे मोजून दाखवले. इथे पुन्हा तो दुधाचा पेला आठवा. बेदाणे कुठे आणि बदाम कुठे, हे कोणी आधीच सांगितलं, तर तुम्हाला फक्त त्यांचे रंग ओळखायचे उरतात. हजारो अज्ञात राशींच्या जागी तीनच उरतात. चरबी, ग्रंथी आणि गाठ. उदाहरण सुटतं.

परंतु याच सोयीत एक धोका दडला होता आणि मला या साऱ्या इतिहासात तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. चुंबकानं एखादी गाठ पाहिलीच नसेल तर? तर उजेडाच्या गणितात त्या गाठीला खानाच नाही. तिचं रक्त आजूबाजूच्या ऊतीच्या सरासरीत मिसळून जाईल आणि उत्तर निर्धास्तपणे चुकेल. म्हणून संशोधकांनी दोन रीती आखल्या. एक कडक. चुंबकानं आखलेल्या सीमा पक्क्या मानायच्या. दुसरी मऊ. सीमा सुचवायच्या, पण उजेडाला त्या ओलांडायची मुभा ठेवायची. पहिल्या रीतीत आकडे स्थिर येतात, दुसरीत चूक सुधारायला वाव राहतो. कोणती कधी वापरावी, हा वाद तांत्रिक वाटेल, पण तो तसा नाही. ताईला आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा त्यांनी आधी पहिला अहवाल मागून घेतला, वाचला आणि मग तेवढीच जागा पाहिली. दुसऱ्या साक्षीदाराला पहिल्याची जबानी किती ऐकवावी, हा तोच प्रश्न.

पुढे डार्टमथच्या गटानं चीनमधल्या शीआन शहरातल्या शीजिंग रुग्णालयाबरोबर काम केलं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नुसत्या एमआरआयपेक्षा एमआरआय आणि उजेड मिळून केलेलं निदान सरस ठरलं. म्हणजे ताईसारख्यांचे अकरा दिवस कमी होण्याची वाट तरी दिसली.

मग ही तपासणी तुमच्या-आमच्या रुग्णालयात का नाही? कारणं साधी आहेत. अभ्यास झाले ते थोड्या स्त्रियांवर, थोड्या केंद्रांत. प्रत्येक स्त्रीचा बांधा वेगळा आणि तंतूंची टोकं तर कातडीला नीट टेकायलाच हवीत. एमआरआय मुळात महाग, त्याच्या वेळेतली दहा मिनिटंही महाग. शिवाय ‘गाठ साधी आहे, तुकडा काढू नका’ असं यंत्राच्या भरवशावर सांगायचं, तर ते शंभरातून एकदा जरी चुकलं तरी ती एक स्त्री जिवाला मुकू शकते. इथे घाई करून चालत नाही. दरम्यान उजेडाला दुसरा जोडीदारही मिळाला आहे. उजेडाच्या स्पंदनानं ऊतीत उमटणारा ध्वनी टिपणारं, सोनोग्राफीशी जोडलेलं यंत्र 2021 मध्ये अमेरिकेत मान्य झालं. जुवाखालचा एक बैल बदलला, पण जू तेच आहे.

आपल्याकडचा एक आकडा सांगून थांबते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानं 1998 मध्ये वस्त्यांमधून एक पाहणी सुरू केली. दीड लाखाहून अधिक स्त्रिया, वीस वर्षं. त्यांच्यापैकी निम्म्या जणींची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी तपासणी केली. अशा चार फेऱ्या झाल्या. निष्कर्ष 2021 मध्ये आले. सर्व वयांचा एकत्र विचार करता मृत्यूंतली घट खात्रीनं सांगण्याइतकी नव्हती. पण पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत या रोगानं होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. ना चुंबक, ना उजेड. वेळेवर दार वाजवणारी एक बाई आणि तिची शिकवलेली बोटं.

हे सांगून मी यंत्रांना कमी लेखत नाही. हातांना गाठ सापडते, ती कसली हे सांगायला पुढे यंत्र लागतंच, आणि ते जितकं अचूक बोलेल तितक्या कमी जणींना सुई टोचावी लागेल. पण यंत्रापर्यंत पोचायला आधी तोंड उघडावं लागतं. आमच्या पिढीत ‘स्तन’ हा शब्द घरात उच्चारायची चोरी होती. छातीत काहीतरी लागतंय, हे आईला सांगायला ताईनं दोन महिने घेतले होते. गाठ साधी होती म्हणून ते दोन महिने खपले. सगळ्यांचे खपत नाहीत. तेव्हा हाताला काही वेगळं लागलं, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

परवा ताईच्या नातीनं मोबाइलच्या उजेडावर तळहात धरला आणि विचारलं, ‘‘आजी, हाडं का दिसत नाहीत?’’ ताईनं माझ्याकडे बोट दाखवलं. या वेळी मात्र मला उत्तर देता आलं.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)